साष्टी कोणाची?



आपल्या देवळाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत देवळाची इमारत, तेथें सेवा करून गेलेले विगार आणि आपले सणसोहळे यांविषयीं इतरांनीं लिहिलेंच आहे. मजकडे इतिहासाचें काम आलें तेव्हां मला वाटलें कीं, ज्या बेटावर आपलीं हीं देवळें उभीं आहेत त्या बेटाचीच एक जुनी हकीकत सांगावी. कारण एक काळ असा होता कीं, साष्टीचा धनी कोण, असें येथल्या रहिवाशास विचारलें असतें तर त्याला छातीवर हात ठेवून उत्तर देतां आलें नसतें. आज सारा पुण्यास जातो. उद्यां तो मुंबईस जाईल कीं गोव्यास, हें पाटलालाही ठाऊक नव्हतें आणि पाद्रीबाबांनाही नव्हतें. हा काळ १७३९ पासून १७८२ पर्यंतचा, म्हणजे त्रेचाळीस वर्षांचा. एवढ्या काळांत एक पिढी जन्मास येऊन म्हातारी होते.

साष्टी हें नांव सहासष्ट गांवांवरून पडलें असें मानितात. (गोव्यांतही एक साष्टी आहे व तिचें नांवही सहासष्ट गांवांवरूनच आलें म्हणतात. फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं ज्या राचोलास छापलें तें राचोल त्या साष्टींतलें. या दोहोंची गल्लत पुष्कळांची होते. शाळेंत असतांना माझीही झाली होती.) आपल्या साष्टीच्या उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची, दक्षिणेस माहीमची आणि पश्चिमेस समुद्र. आज वांद्र्यापासून दहिसरपर्यंत व तिकडे ठाण्यापर्यंत घरांची जी अखंड रांग लागली आहे ती पाहून, येथें येण्यास एके काळीं होडीवांचून गति नव्हती, हें मुलांना सांगितलें तर खरें वाटत नाहीं.

भांडणाचें बीज फार जुनें आहे. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांत साष्टी आली आणि मुंबईही आली. पुढें १६६१ सालीं पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचें लग्न इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस याच्याशीं ठरलें व मुंबई आंदण म्हणून द्यावयाची ठरली. आतां आंदणांत काय काय आलें यावर आपल्याकडे सोयऱ्यांत जसे तंटे होतात, तसाच येथेंही झाला. वराकडील मंडळी म्हणत कीं, मुंबईबरोबर साष्टी व ठाणें आलेंच. वधूकडील मंडळी म्हणत, मुळींच नाहीं, मुंबई म्हणजे मुंबई. ताबा घ्यावयास आलेला सर अब्राहम शिपमन व त्याचे बहुतेक शिपाई वाट पाहतां पाहतां अंजदीव बेटावर मरून गेले. अखेर १६६५ च्या फेब्रुवारींत त्याचा सहकारी हंफ्रे कूक यानें मिळालें तेवढें पदरांत घेतलें. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. पण ती आपली आहे, ही गोष्ट मुंबईकर इंग्रजांच्या मनांतून कधीं गेली नाहीं. आणि तसें वाटण्यास कारणही होतें. मुंबई म्हणजे थोडी उंचवट्याची जागा व बाकी चिखल. तेथील लोकांनीं धान्य, भाजी, गुरें, लांकूड आणावें कोठून? साष्टींतून. ठाण्यास व करंजास पोर्तुगीजांचीं नाकीं; खाडीनें जाणाऱ्या मालावर तेथें जकात द्यावी लागे. शेजाऱ्याच्या परसांतूनच पाणी भरावें लागत असेल तर त्या विहिरीवर नजर जाणारच.

यानंतर जें सांगावयाचें तें आपल्या पुस्तिकेंत घालावें कीं नाहीं, याचा मीं विचार केला. परंतु तें गाळलें तर पुढचें कांहीं समजत नाहीं. पोर्तुगीज अमलांत आपल्या पूर्वजांस ख्रिस्ताची ओळख झाली, शाळा व देवळें झालीं, हें आपण कृतज्ञतेनें सांगतों. वांद्र्याचें सेंट अँड्र्यूचें देऊळ त्याच काळांतलें. पण त्याच अमलांत हिंदु शेजाऱ्यांचीं देवळें पाडलीं गेलीं, त्यांच्या उघड धर्मविधींस बंदी झाली, आणि इन्क्विझिशनचा हात गोव्याहून येथवर पोंचला. भिवंडीजवळच्या अंजूर गांवचे गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ यांनीं पुण्यास पेशव्यांकडे वर्षानुवर्षें खेपा घातल्या, त्या कांहीं हौसेनें नव्हेत. मराठे फिरंगाणांत आले ते मुलुखासाठीं, हें खरेंच. परंतु त्यांना खाडीची वाट दाखविणारे लोक येथलेच होते व त्यांचें गाऱ्हाणें खरें होतें.

१७३७ च्या एप्रिलच्या आरंभीं मराठी फौज खाडी उतरून साष्टींत शिरली. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतला होता, पण तो पुरा झाला नव्हता. ठाणें पडलें, आणि वांद्रें, वेसावें अशीं थोडीं ठिकाणें वगळतां बेट हातचें गेलें. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनीं ठाणें परत घेण्याचा एक प्रयत्न केला, तो फसला. त्या हल्ल्याची वर्दी मुंबईच्या इंग्रजांनींच मराठ्यांस दिली, असा पोर्तुगीजांचा आरोप होता. इकडे वसईस चिमाजीआप्पांचा वेढा पडला. वसईकरांनीं मुंबईकडे मदत मागितली, तेव्हां देवळांतलीं चांदीचीं उपकरणें व पितळी तोफा तारण ठेवून त्यांना थोडें कर्ज मिळालें. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हातीं पडल्यास तो मुंबईवर उलटेल, म्हणून तो पाडून टाकण्याचा सल्लाही इंग्रजांनींच दिला. मित्र म्हणविणाऱ्या शेजाऱ्याचें हें वागणें वाचून मनुष्य थोडा थबकतो. १६ मे १७३९ रोजीं वसईचा तह झाला. ज्यांस जावयाचें त्यांनीं कुटुंब व चीजवस्त घेऊन जावें, आणि जे राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, असें त्यांत ठरलें.

जावयाचें तर कोण गेलें? फिदाल्ग म्हणजे बडे जमीनदार गेले, शिपाई गेले, युरोपीय मठवासी व जेझुइट गेले. आपले पूर्वज मात्र कोळी, भंडारी, कुणबी, सुतार. त्यांनीं कोठें जावें? भाताचें खाचर उचलून गलबतांत घालतां येत नाहीं. ते राहिले. राजा गेला, राजाचे धर्मगुरु गेले, मोठमोठीं देवळें ओस पडलीं. आणि जो धर्म राजाच्या आश्रयानें आला असें लोक म्हणत, तो आतां आश्रयावांचून टिकतो कीं नाहीं, याची परीक्षा या लोकांच्या घरांत सुरू झाली.

या परीक्षेचा निकाल आपल्याला एका परक्या प्रवाशाकडून कळतो. पारशांच्या धर्मग्रंथांचा शोध घेत हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच विद्वान आंकेतील द्यु पेराँ हा १७६० सालीं कान्हेरीचीं लेणीं पाहण्यास साष्टींत आला होता. पेशव्यांचा अमल बसून तेव्हां एकवीस वर्षें झालीं होतीं. ठाण्यास त्याला देवळाचा सण साजरा होतांना दिसला. हजारों ख्रिस्ती जमले होते, आणि जणूं एखाद्या ख्रिस्ती देशांत असावे तसे ते मोकळेपणानें वावरत होते. उपासना चालविणारे धर्मगुरु काळ्या वर्णाचे, देशी होते. युरोपीय पाद्री त्यांत नव्हते. पेशव्यांच्या दरबाराला युरोपीय पाद्र्यांत पोर्तुगालचा राजा दिसे. या गोवेकर व कोंकणी धर्मगुरूंत तसा कोणी दिसत नसे. मला विचाराल तर आपल्या साष्टीच्या धर्मेतिहासांतलें सर्वांत मोलाचें पान हेंच आहे. मोठे बिशप, मोठे मठ, मोठ्या देणग्या यांपैकीं कांहीं नसतां, नांवेंही आपणांस ठाऊक नसलेल्या त्या पाद्रींनीं गांवोगांव पायीं हिंडून मिस्सा, बाप्तिस्मा, लग्नें व मातीचे विधि चालू ठेवले.

मोत मावलीच्या देवळाचीही गोष्ट अशीच लक्षांत घेण्यासारखी आहे. १७३८-३९ च्या धामधुमींत डोंगरावरचें कपेल उद्ध्वस्त झालें, हें आपण दर वर्षीं जत्रेंत सांगतों. पण तेंच कपेल पुन्हां बांधून १७६१ च्या सुमारास मावलीची मूर्ति तेथें परत नेली, तेव्हां वांद्र्यावर अमल कोणाचा होता? पेशव्यांचाच. हें दुसरें वाक्य आपण सहसा सांगत नाहीं. लढाईंत जें घडतें तें एक, आणि लढाई सरल्यावर शेजारीपाजारी राहतांना जें घडतें तें दुसरें. दोन्ही खरीं आहेत.

ज्याला या बेटाची धन्यावांचूनची स्थिति डोळ्यांनीं पाहावयाची असेल त्यानें बोरिवलीजवळ मंडपेश्वरास जावें. तें मूळचें शिवाचें लेणें. फ्रान्सिस्कन मठवासीयांनीं त्याचें कपेल केलें व वर मठ बांधला. मराठ्यांच्या काळीं तें पुन्हां महादेवाचें झालें. इंग्रजांच्या अमलांत तेथें पुन्हां ख्रिस्ती उपासना होऊं लागली. आणि आज तें पुराणवस्तु खात्याच्या ताब्यांत आहे. कोरीव मूर्तींच्या जागीं खोदलेला क्रूस अजून दिसतो. मूर्ति कोरणारे गेले, क्रूस खोदणारेही गेले.

आतां इंग्रजांकडे वळूं. साष्टी व वसई मिळवावी असें मुंबईकर व त्यांचे लंडनचे मालक दोघांच्याही मनांत होतें. पण थोरल्या माधवरावांसारखा पेशवा असतांना तें बोलून दाखविण्याचीही सोय नव्हती. १७७२ सालीं मॉस्टिन यास पुण्यास वकील म्हणून ठेवलें, तें याच कामासाठीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत माधवराव क्षयानें वारले. पुढच्या वर्षीं, ३० ऑगस्टला, नारायणरावांचा शनिवारवाड्यांत खून झाला आणि पुण्याच्या घरांत फूट पडली. गादीसाठीं इंग्रजांची मदत मागणारे रघुनाथरावसुद्धां साष्टी देण्यास प्रथम तयार नव्हते, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

इतक्यांत एक बातमी आली. लिस्बनहून मोठें आरमार निघाल्याची व पोर्तुगीज आपली वसई व साष्टी परत घेणार असल्याची ती बातमी. मुंबईच्या कौन्सिलानें विचार केला कीं, पोर्तुगीज एकदां ठाण्यास बसले म्हणजे त्यांना उठविण्यास कारण सांपडणार नाहीं. मराठ्यांकडून घेणें त्यापेक्षां सोपें. १२ डिसेंबर १७७४ रोजीं जनरल गॉर्डनची फौज निघाली. त्याच सुमारास पोर्तुगीज गलबतें बंदराच्या तोंडाशीं येऊन नांगरलीं व त्यांनीं या स्वारीचा रीतसर निषेध केला. निषेधाचा कागद घेतला गेला आणि फौज पुढें गेली.

ठाण्याच्या किल्ल्यांतील मराठी शिबंदीनें शर्थ केली. २७ डिसेंबरच्या रात्रीं खंदक बुजवून आंत शिरण्याचा इंग्रजांचा प्रयत्न मोठ्या हानीनिशीं परतविला गेला. शंभराच्या आसपास माणसें पडलीं. आरमाराचा अधिकारी वॉटसन यास मोर्च्यावर जखम होऊन तो तीमुळें मेला. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं किल्ला पडला, तेव्हां चिडलेल्या सैन्यानें आंतील बहुतेक शिपायांची कत्तल केली. इकडे वेसाव्याचा किल्ला कर्नल कीटिंगनें घेतला. १७७४ च्या नाताळसणांची मेणबत्ती विझते न विझते तोंच, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत, सारी साष्टी इंग्रजांकडे गेली. करंजा व घारापुरीही तिच्याबरोबर गेलीं. नाताळच्या त्या आठवड्यांत ठाण्याच्या आसपासच्या ख्रिस्ती वाड्यांत सण कसा झाला असेल, हें आपण मनांतच आणावें. तोफांचा आवाज कुर्ल्यापर्यंत तरी पोंचलाच असेल.

सन्मान्य वाचकहो, तलवारीचें काम येथें संपलें व लेखणीचें सुरू झालें. आणि लेखणीनें या बेटाचा जो खेळ केला तो तलवारीनेंही केला नव्हता.

६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहानें रघुनाथरावांनीं साष्टी व वसई इंग्रजांस दिली. साष्टी आधींच गेलेली आणि वसई त्यांच्या हातांत नव्हती. म्हणजे जें दिलें त्यांतलें कांहींच त्यांच्याजवळ नव्हतें. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलानें हा तह बेकायदा ठरविला व कर्नल अप्टन यास पुण्याच्या कारभाऱ्यांकडे पाठविलें. १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह झाला. सुरतेचा तह रद्द. परंतु त्या स्वारींत मिळालेली साष्टी मात्र इंग्रजांकडेच! आणि त्यांतही अशी पुस्ती कीं, गव्हर्नर जनरलच्या मर्जीस आल्यास साष्टी परत देऊन तिच्याऐवजीं तीन लाख वसुलाचा दुसरा मुलूख घ्यावा. सहासष्ट गांवें, तेथलीं माणसें, देवळें, थडगीं, यांची किंमत ही अशी लावली गेली. थोड्याच महिन्यांत लंडनहून पत्र आलें कीं, सुरतेचाच तह आम्हांस पसंत आहे. एकाच कंपनीच्या तीन घरांत तीन मतें. आणि शेतकऱ्यानें सारा कोणाच्या नांवानें भरावा?

१७७९ च्या जानेवारींत वडगांवास मराठ्यांनीं मुंबईच्या फौजेची कोंडी केली, आणि तेथें झालेल्या करारांत इंग्रजांनीं १७७३ पासून घेतलेलें सर्व, साष्टीसुद्धां, परत करण्याचें कबूल केलें. कागदावर आपलें बेट पुन्हां पेशव्यांचें झालें. पण मुंबईनें व कलकत्त्यानें करार झिडकारला व एकही शिपाई ठाण्यांतून हालला नाहीं. १७८० च्या डिसेंबरांत गॉडर्डनें वसईही घेतली.

अखेर १७ मे १७८२ रोजीं ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गांवीं महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें डेव्हिड अँडरसननें तह ठरविला. वसई मराठ्यांस परत. साष्टी, करंजा, घारापुरी व लगतचें एक लहान बेट इंग्रजांस कायमचें. पण पुण्यांत नाना फडणीस शिक्का करीतना. इंग्रज तिकडे कर्नाटकांत हैदरअल्लीशीं गुंतले होते; त्यांचा तेथें पराभव झाला तर साष्टी परत मागतां येईल, हा त्यांचा अंदाज. हैदर पाठीवरच्या दुखण्यानें ७ डिसेंबरला वारला, आणि त्या महिन्याच्या अखेरीपूर्वीं नानांनीं तहास मान्यता दिली. शेंकडों कोसांवरच्या एका छावणींतील आजारावर आपल्या वांद्र्याचें, माळवणीचें, मरोळचें भवितव्य टांगलेलें होतें, आणि तेथल्या कोणास त्याची वार्ताही नव्हती.

या तहानें एक ताटातूटही झाली. वसईची खाडी ही आतां राज्याची सीमा झाली. अलीकडच्या कांठावर कंपनी सरकार, पलीकडच्या कांठावर पेशवे. आणि दोन्ही कांठांवर तींच माणसें, तींच लग्नाचीं नातीं. ही सीमा १८१८ पर्यंत राहिली. मुंबईशीं मात्र साष्टी अधिकाधिक बांधली गेली. शीवचा बांध १८०५ पर्यंत तयार झाला, माहीमचा १८४५ सालीं. आणि होडी सुटली.

राज्याचा वाद असा मिटला. देवळांचा मिटावयास आणखी दीडशें वर्षें लागलीं. पोर्तुगालचा राजा साष्टींतून गेला तरी बिशप नेमण्याचा त्याचा पाद्रोआदोचा हक्क गेला नव्हता. पेशव्यांचा अमल असो कीं इंग्रजांचा, साष्टींतलीं देवळें गोव्याच्या आर्चबिशपांकडे पाहत. मुंबईंत मात्र इंग्रजांनीं १७२० सालींच पोर्तुगीज मठवासी घालवून कार्मेलाइट पाद्री आणले होते, आणि त्यांना रोमहून प्रोपागांदाचा अधिकार होता. हा दुहेरी अधिकार हळूहळू खाडी ओलांडून इकडेही आला. वांद्र्यांत सेंट अँड्र्यूचें देऊळ एका अधिकाराखालीं तर सेंट पीटरचें दुसऱ्या. एकाच गल्लींतलीं दोन घरें दोन बिशपांचीं. १८८६ च्या करारानें साष्टी दमणच्या बिशपांकडे गेली. लगेच दुसऱ्या वर्षीं, व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाच्या वेळीं, आपल्या लोकांनीं ईस्ट इंडियन हें नांव घेतलें व त्या नांवाची सभा स्थापिली. पोर्तुगीज नांवें लावणाऱ्या गोवेकरांहून आपण निराळे, हें सरकारास कळावें म्हणून हा खटाटोप होता. ज्या कंपनीच्या नांवावरून तें घेतलें असें सांगतात ती कंपनी तेव्हां बुडालेली होती. मराठी बोलणाऱ्या, भात लावणाऱ्या लोकांना स्वतःस काय म्हणवून घ्यावें हा प्रश्न पडावा, हें त्या त्रेचाळीस वर्षांचेंच मागें राहिलेलें देणें असावें, असें मला वाटतें.

१९२८ सालीं रोम व पोर्तुगाल यांच्यांत करार होऊन दुहेरी अधिकार संपला आणि साष्टी व मुंबई एका आर्चबिशपांखालीं आल्या. मात्र त्यांतही अट अशी होती कीं, आर्चबिशप एकदां पोर्तुगीज असावा व एकदां ब्रिटिश. त्याप्रमाणें प्रथम लीमा आले, मग रॉबर्ट्‌स आले. १६६१ च्या आंदणाची ती शेवटची वांटणी. १९५० सालीं ती अट गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वालेरियन ग्रेशस यांची मुंबईचे आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली. ते या देशांतले होते.